वीस म्हणजे वीसच

घामाने निथळलेला, एक बाजू लुळी, हाकेला ओ नाही, असा पेशंट कॅज्युअल्टीत आला की आधी ‘मेंदूचा सीटी स्कॅन काढा’ची धावपळ होते. मी आधी बोट टोचते. साखर उतरल्यावरही हुबेहूब लकवाच वाटतो, हे आमच्या रेसिडेंटना, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना, परीक्षेत आठवतं, स्ट्रेचर समोर आल्यावर नाही.

आजोबा मधुमेहाचे, इन्सुलिनवर. ग्लुकोमीटरवर साखर जेमतेम ३१. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, गेलं आणि आजोबांनी डोळे उघडून विचारलं, “गाडी कुठवर आली?”

सगळे निवांत झाले. तासाभराने पुन्हा टोचलं, तर परत कमीच, ५२. पुन्हा डेक्स्ट्रोज, वर चालू सलाइन. त्यांचं मिक्स इन्सुलिन, म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण, असं तासन्‌तास खाली ओढत राहतं हे खरं, पण इतकं? डोस कित्येक वर्षं तोच, दोन्ही वेळा वीस युनिट, आणि जेवणही नीट झालेलं. मुलगा म्हणाला, “वय झालंय, विसरून दोनदा घेतलं असेल.”

“एकदाच घेतलं. वीस म्हणजे वीसच,” आजोबा ठामपणे म्हणाले.

मी घरून पिशवी मागवली. आत लाल टोपणाची सिरिंज आणि इन्सुलिनच्या पेनमधून काढलेलं कार्ट्रिज, म्हणजे पेनमधली इन्सुलिनची नळी!

गावी त्यांची बाटली असते, मिलीला ४० युनिटची. लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची. शहरात मुलाकडे आल्यावर पेन मिळालं. त्याच्या कार्ट्रिजमध्ये मिलीला १०० युनिट. त्या रात्री पेनच्या सुया संपल्या होत्या. डोस चुकायला नको म्हणून आजोबांनी चष्मा लावून, कार्ट्रिजच्या रबरात सिरिंज खुपसून, टिचकीने बुडबुडे काढून बरोबर वीसच्या रेघेपर्यंत ओढलं. ती रेघ अर्ध्या मिलीची. म्हणजे ५० युनिट, अडीचपट.

उलटा घोळही होतो. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची, नारिंगी टोपणाची, की वीसच्या रेघेला जेमतेम ८ युनिट जातात. मग साखर हटत नाही म्हणून डोस वाढत राहतो आणि ‘पथ्य पाळत नाहीत’ असा शेरा पेशंटच्या माथी.

पेन देणाऱ्याने कागदावर फक्त ‘२० युनिट’ लिहिलं होतं. आमच्या रेसिडेंटनेही डिस्चार्ज कार्डावर तेवढंच लिहिलं. मी कार्ड परत पाठवलं. चिडला, पण ‘फक्त पेनने’ लिहून दिलं.

मुलगा सिरिंजांचं पाकीट फेकायला निघाला, तर आजोबांनी त्याचा हात धरला. “महिन्याने मी गावी जाणार. तिथं बाटलीच आहे. पेनच्या सुया तिथं कोण देणार?”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी दोन कागद केले, एक पेनचा, एक बाटलीचा. पाकीट पुन्हा त्यांच्या पिशवीत गेलं.