तुम्ही विचारलंत म्हणून: भूतानचा मुलगा ऑलिम्पिकला कसा गेला?

पोहण्याच्या टँकच्या काठावर पालक मला गाठतात. "सर, आमचा पोरगा शंभर मीटर फ्रीस्टाईल 54 सेकंदांत मारतो. टोकियोत भूतानच्या सांगय तेन्झिनला 57.57 लागले. तो ऑलिम्पियन आणि आमचा घरी?"

देशात कुणाचंच पात्रता टायमिंग नसेल, तर एक मुलगा आणि एक मुलगी पाठवता येते. त्याला युनिव्हर्सॅलिटी म्हणतात. आणि ही सोय फक्त भूतानला नाही हो. पॅरिसला आपले श्रीहरी नटराज आणि धिनिधी देसिंघू याच दारानं आत गेले. तेव्हा नाही कुणी न्याय विचारला.

चिडून बोलतोय, कळतंय मला. कारण 2000 साली मीही टीव्हीसमोर बसून हेच बडबडत होतो. सिडनीत इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसंबानी. शंभर मीटर फ्रीस्टाईलच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, तिघंच; नायजर आणि ताजिकिस्तानचे दोघं फॉल्स स्टार्टमध्ये, म्हणजे इशाऱ्याआधीच सुटल्यानं, बाद. हा एकटा उरला. पोहायला लागून वर्षही झालं नव्हतं, सराव हॉटेलच्या छोट्या टँकमध्ये, पन्नास मीटरचा टँक सिडनीतच पहिल्यांदा पाहिलेला. जाताना ठीक गेला. परतताना किक बंद पडली, कंबर बुडाली, डोकं वर आलं. हात फिरताहेत आणि माणूस जागचा हलेना. माझे विद्यार्थी असे दमले की मी काठी पुढे करतो. तिथे कोण करणार? लेनची दोरी शेजारीच, पण ती ओढली की बाद. आरडाओरडा करून प्रेक्षकांनीच त्याला भिंतीपर्यंत आणलं. वेळ 1:52.72. त्याच स्पर्धेत दोनशे मीटरचं सुवर्ण 1:45.35 ला गेलं होतं.

मी तेव्हा शंभर मीटर 58 मध्ये मारायचो. मला कुणी विचारलंही नव्हतं. तो तेव्हाचा मी आजही म्हणतो, बुडायला आलेल्या माणसाला टाळ्या वाजवणं हा कसला खेळ? मी त्याला सांगतो, एरिकनं पुढे हेच अंतर 57 च्या आत आणलं. तो म्हणतो, मग तेव्हा पाठवायचा! तेव्हा, 2004 ला, व्हिसाच्या घोळात अथेन्स हुकलं. 2012 मध्ये तो आपल्या देशाच्या संघाचा कोच झाला.

तुम्ही म्हणाल, यात आमच्या पोराला काय मिळालं? काही नाही. पॅरिसचं पात्रता टायमिंग 48.34 होतं. उद्या पहाटे साडेपाचला पाठवा त्याला.