शेंडी वर, दाढी खाली

अमृतमहोत्सव समितीतल्या आमच्या वर्गमित्राने गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. खाली मजकूर एवढाच : 'हे अक्षर तुझंच ना?' शाळेच्या माळ्यावर सापडलेल्या एका जुन्या नोंदवहीचं ते पान होतं. कडेला वाळवीने नक्षी काढलेली. मधोमध माझं गिचमिड अक्षर :

'१४ मार्च १९८६. पहाटे ५.१५. सडा. हॅलेचा धूमकेतू पाहिला. आग्नेय दिशा, क्षितिजापासून एक वीत वर. शेपटी लांब, खाली.'

त्यापुढे सरांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शेपटी?'

ती नोंद खोटी आहे. मनोगत लिहून द्या म्हणून समिती दोन महिने मागे लागली होती, आणि मला काही सुचत नव्हतं. फोटो आला आणि विषय मिळाला.

नव्या मुलांना त्या वहीची गोष्ट ठाऊक नसेल. आमच्या वेळी पाण्याच्या टाकीजवळच्या व्हरांड्यात एक छोटा फळा टांगलेला असे. वर पांढऱ्या रंगाने कायमचं लिहिलेलं : 'आज काय पाहिलं?' तो विज्ञानाच्या सरांचा फळा. कुणीही जावं आणि लिहावं. पण काय पाहिलं, कुठे, किती वाजता आणि कोणी, या चारही गोष्टी हव्यात. ज्या वाक्यात 'म्हणे' आलं ते सर हाताच्या पंज्याने पुसून टाकत. दर शनिवारी सुटीच्या आधी आठवड्याच्या नोंदी वहीत उतरवल्या जात आणि सोमवारी फळा कोरा.

प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्यातली मोडकी तराजू, एवढीच. पण शाळेमागे सडा होता. जांभ्या दगडाचा तो उघडाबोडका कातळ उन्हाळ्यात अनवाणी पायाला चटके देतो आणि श्रावणात ओळखू येत नाही. कातळाच्या खळग्यांत बोटभर माती, तिच्यात सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुलं, आणि त्यांच्या पायाशी नीट वाकून पाहिलं तर दवबिंदू. तांबूस केसाळ पानांची ही चिमुकली झाडं. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट त्याला दव समजून बसतं आणि अडकतं, मग आजूबाजूचे केस सावकाश त्याच्यावर वाकतात. सीतेची आसवं दिसायला गरीब, पण तीही शिकारीच. त्यांच्या बारीक फुग्यांत पाण्यातला सूक्ष्म जीव सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात ओढला जातो. त्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतोच, म्हणून या झाडांनी मांसाहार पत्करला. 'मातीत मिळेना, म्हणून हवेतलं धरतात,' असं सर सांगत. आम्हाला त्यात गंमत अशी वाटे, की श्रावणात आमच्या घरी सगळे शाकाहारी आणि सड्यावरची झाडं मात्र नाहीत!

दवबिंदूची पहिली नोंद माझी. हुंबल्यांच्या घरट्याची नोंदही माझीच. आंब्याची पानं एकमेकांना शिवून हे लाल मुंगळे घर करतात. ते शिवणाऱ्यांकडे धागा नसतो. ते आपली अळी तोंडात धरतात आणि ती या पानावर एकदा, त्या पानावर एकदा टेकवत जातात. रेशीम अळीचं, शिवण मोठ्यांची. हे बघण्यासाठी मी कलमाच्या फांदीला नाक लावून अर्धा तास उभा होतो. त्याचे परिणाम तीन दिवस नाकावर होते, तेही मी फळ्यावर लिहिलं. सरांनी ते पुसलं नाही.

मला फळ्याचा राजा म्हणत. पण माझ्या सगळ्या नोंदी हातभर अंतरातल्या होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

लांबचं बघणारी एक मुलगी होती, आठवीतली. देवराईतल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाच्या मादीने स्वतःला कोंडून घेतलं, ते तिने शोधलं. मादी विष्ठा आणि चिखल लिंपून ढोलीचं तोंड बंद करते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते आणि अंडी घालून आतच राहते. बाहेरचा नर गळ्यात उंबरं भरून आणतो आणि एकेक करून फटीतून देतो. त्या मुलीने एका रविवारी सकाळी ११ खेपा मोजल्या. 'नर मेला तर?' असं मी वर्गात विचारलं. सर म्हणाले, 'बाकी काही बोलू नकोस, ते अकरा आकडा लिहून ठेव.' तिने मला ती ढोल बोटाने दाखवली होती. मी 'हो हो' म्हणालो. मला झाड दिसत होतं, एवढंच.

आणि चंद्राला पडलेलं खळं. त्याची नोंद अर्ध्या वर्गाने केली. गावात सगळे म्हणत, खळं पडलं म्हणजे पाऊस. सरांनी मोजायला शिकवलं : हात लांब करून वीत ताणली, की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण वीस अंश. मुठीचे दहा. चंद्रावर अंगठा धरला की करंगळी जवळजवळ खळ्याच्या काठाला लागते, कधीही बघा. उंचावरच्या ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश ठरावीक कोनातच वळतो, बावीस अंशांच्या आसपास, म्हणून खळ्याचा आकार बदलत नाही. कोकणात उभं राहून बर्फातून चंद्र बघतोय, हे कळल्यावर मला तर थंडी वाजल्यासारखं झालं होतं.

आता १९८६. धूमकेतूचा गाजावाजा वर्षभर पेपरात आणि रेडिओवर चालला होता. आमच्या आजीने तो १९१० साली पाहिला होता, आठ-नऊ वर्षांची असताना. ती त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची. 'विलायतचा राजा त्याच महिन्यात गेला,' हे ती इतक्या थाटात सांगायची की जणू राजाला आधी तिनेच कळवलं होतं. (सातवा एडवर्ड ६ मे १९१० ला गेला, ते मी नंतर तपासलं. आजीचा महिना बरोबर होता.) १९१० मध्ये पृथ्वी त्याच्या शेपटीतून गेली असं मानलं जातं. १९८६ मध्ये मात्र सूर्याजवळ तो आला तेव्हा आपण सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होतो. दोन हजार वर्षांतली सर्वांत वाईट भेट ती हीच, आणि नेमकी आमच्या वाट्याला आली.

तरी सरांनी दिवस काढला. अमावास्या १० मार्चला, म्हणजे १४ च्या पहाटे चंद्राची अडचण नाही. आम्ही अठ्ठावीस जण कंदील घेऊन सड्यावर गेलो आणि वर पोचल्यावर सरांनी कंदील विझवायला लावले. वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग धनेशवाली मुलगी म्हणाली, 'तो बघा.' आणि एकेक करून सगळे. कुणी म्हणे कापूस पिंजून ठेवल्यासारखा, कुणी म्हणे आरशावर फुंकर मारल्यासारखा. 'दिसला!' 'दिसला!'

मला सगळं आकाशच पिंजलेलं दिसत होतं. नेहमीच दिसायचं. मला वाटे, सगळ्यांना तसंच दिसतं.

आणि मी म्हणालो, 'दिसला.'

फळ्याचा राजा होतो ना. दिशा आणि वीत इतरांच्या तोंडून उचलली, शेपटी मनानेच घातली. धावणाऱ्या गोष्टीची शेपटी मागे राहते, बाणासारखी. धूमकेतू वर चढतोय, म्हणून शेपटी खाली. दुपारी घरी गेल्यावर आजीने विचारलं. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिने आशा सोडलीच होती. मी अंगणात काठीने चित्र काढलं आणि तिचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं.

आजी म्हणाली, 'शेंडी वर असते रे मेल्या. खाली असते ती दाढी.'

मी आत जाऊन पाणी प्यालो. त्यापुढे तो विषय आमच्या घरात मी निघू दिला नाही.

सोमवारी सरांनी वर्गात कुणाचंही नाव न घेता धूमकेतूची आकृती काढली. शेपटी मागे राहत नाही. सूर्याचा प्रकाश आणि सूर्याकडून वाहणारा कणांचा झोत तिला ढकलतो, म्हणून ती कायम सूर्याच्या उलट बाजूला. परतताना तर धूमकेतू शेपटी पुढे करून जातो. पहाटे सूर्य पूर्वेला क्षितिजाखाली, मग शेपटी वर, जरा उजवीकडे कललेली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मधल्या सुट्टीत मात्र मला फाटकापाशी नेलं आणि रस्त्यापलीकडच्या माडाकडे बोट केलं.

'नारळ किती आहेत, मोज.'

'सर, माड दिसतोय. नारळ आहेत का त्याला?'

त्यांनी एवढंच विचारलं, 'घरी कोण असतं दुपारी?' संध्याकाळी ते वडिलांना भेटून गेले. परीक्षा, मग आंब्याचा हंगाम, असं करत जूनमध्ये मला चष्मा लागला, उणे पावणेतीन. तोपर्यंत धूमकेतू साध्या डोळ्यांच्या टप्प्यातून गेला होता आणि पुढे चार महिने आमच्याकडे आकाश नसतं, ढग असतात. पहिली निरभ्र रात्र मिळाली ऑक्टोबरात. कृत्तिका हा मला तोवर एक पुसट डाग वाटे. त्या रात्री सहा मोजल्या. खळ्यात तांदूळ सांडावेत तशा चांदण्या पडल्या होत्या आणि आमच्या घरात कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं!

त्या १४ मार्चबद्दल आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याच पहाटे, आपल्या घड्याळाने साडेपाच वाजून तीन मिनिटांनी, युरोपचं जोत्तो हे यान त्या धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. पंधरा किलोमीटर लांबीचा, कोळशाहून काळा गोळा. माणसाने धूमकेतूचा गाभा इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. मी तेव्हा सड्यावर मान वर करून खोटं बोलत होतो.

मन समजवायला मी ज्याच्या नावाचा हा धूमकेतू, त्या खगोलशास्त्रज्ञ हॅलेचा आधार घेत असे. १५३१, १६०७ आणि १६८२ चे धूमकेतू एकच आहेत, असं त्याने १७०५ मध्ये गणिताने मांडलं आणि १७५८ मध्ये तो परत येईल असं सांगितलं. आला, नाताळच्या रात्री दिसला. पण हॅले १७४२ लाच गेला होता, म्हणजे ती भेट त्यालाही दिसली नाही. मात्र १६८२ मध्ये त्याने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे हा आधार काही फार वेळ टिकत नाही.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. मी नोकरी केली वीज खात्यात. गावोगाव दिवे लावले, तेव्हा पुण्याचं वाटे आणि अजूनही वाटतं. पण आता आपल्या सड्याच्या तोंडाशी जो उंच खांबाचा दिवा आलाय, तो रात्रभर नक्की कुणाला उजेड दाखवतो? रस्ता तिथे संपतो. समितीला विनंती, महोत्सवाच्या एका तरी रात्री तो बंद करवून मुलांना वर न्या. कुणाशी बोलायचं ते मी सांगतो.

धूमकेतू ९ डिसेंबर २०२३ ला नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे जाऊन वळला, आता इकडेच निघालाय. जुलै २०६१ मध्ये सूर्यापाशी येईल. मी नव्वदीचा असेन, आजीसारखाच डोळ्यांनी अधू. पण त्याने वाटेत सांडलेली धूळ दरवर्षी दोनदा पृथ्वीच्या आड येते, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात. ऑक्टोबरातल्या उल्का मृग नक्षत्राच्या बाजूने येतात. वाळूच्या कणाएवढी चूर, सेकंदाला ६६ किलोमीटर वेगाने हवेत शिरते आणि जळते. जळते ती हॅलेचीच माती.

यंदा त्यांची ऐन रात्र दिवाळीच्या अमावास्येला आली. पाडव्याच्या पहाटे मी सड्यावर गेलो, दिव्याकडे पाठ करून बसलो. वीस मिनिटं बोललो नाही, बोलायला कुणी नव्हतंही. ढग होते, मधूनमधून फटी. घरी येऊन समितीला लिहिलं की वहीच्या शेवटी कोरं पान असेल तर एवढं उतरवून घ्या, आणि १४ मार्चच्या नोंदीवर आडवी रेघ मारा :

'२२ ऑक्टोबर २०२५. पहाटे ४.२० ते ५.२०. सडा. उल्का पाहिल्या, दोन. दोन्ही मृगाच्या बाजूने आलेल्या. तिसरी डोळ्याच्या कडेला चमकल्यासारखी वाटली. ती धरलेली नाही.'