गुंडाळलेल्या टॉवेलची नाडी

फोटो काढायचा होता, एवढंच. दुसऱ्या दिवशी डेमो डे, म्हणजे गुंतवणूकदारांसमोरचं सादरीकरण होतं आणि स्लाइडसाठी नाडी मोजणाऱ्या बँडचा एक नीटनेटका फोटो हवा होता. मनगटावर घालून काढलेला कुणालाच पसंत पडेना, म्हणून एक छोटा टॉवेल घट्ट गुंडाळला, दोन्ही टोकांना रबर लावले आणि त्यावर बँड चढवला. फोटो काढणारा मुलगा खूश झाला. "बरं झालं, आकडासुद्धा दिसतोय. फोटो जिवंत वाटेल."

मी वाकून पाहिलं. पडद्यावर 74. थोड्या वेळाने 75. मग पुन्हा 74.

टॉवेलची नाडी व्यवस्थित चालू होती.

नव्या कंपन्यांना सुरुवातीला जागा आणि मदत देणाऱ्या एका इन्क्युबेटरमध्ये मी हार्डवेअरच्या टीमना मार्गदर्शन करते. या टीममध्ये दोघंच होते. सर्किट मुलीचं, सॉफ्टवेअर तिच्या कॉलेजपासूनच्या मित्राचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी हा पट्टा बनवला होता: नाडी एकाएकी वाढली किंवा फार उतरली, की घरच्यांच्या फोनवर सूचना. म्हणजे टॉवेलवर 74 दाखवणारं यंत्र उद्या कुणाच्या तरी आईच्या हातावर असणार होतं. पट्टा तिने काढून उशाशी ठेवला, तरी घरच्यांना दिसणार, नाडी 74, आई बरी आहे.

असं का होतं ते सांगते. बँडच्या पोटाशी हिरवे दिवे असतात. त्यांचा उजेड कातडीत शिरतो, रक्त त्यातला काही शोषून घेतं आणि उरलेला परत येतो तो शेजारचा सेन्सर मोजतो. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त किंचित वाढतं आणि परतणारा उजेड किंचित घटतो. हा फरक बहुतेक वेळा एक-दोन टक्क्यांचाच. हात हलला, पट्टा सैल झाला, बोटं गार पडली, की तेवढाही हाती लागत नाही. फोटोप्लेथिस्मोग्राफी नावाची ही पद्धत 1930च्या दशकापासून माहीत आहे. सॉफ्टवेअर त्या सिग्नलमध्ये मिनिटाला 40 ते 180 ठोक्यांच्या दरम्यान सगळ्यात उंच शिखर शोधतं. पण नाडी नसताना उरणाऱ्या निव्वळ खरखरीतही कुठलं तरी शिखर सगळ्यात उंच असतंच. त्यावर सरासरीचा हात फिरवला, की आकडा छान स्थिर दिसतो.

म्हणूनच सिग्नल भरवशाचा नसेल तर आकडा दाखवायचा नाही, अशी अट सॉफ्टवेअरमध्ये घालतात. इथे ती दिसत नव्हती. मी सॉफ्टवेअरवाल्या मुलाला विचारलं, तर तो आधी काही बोलेना. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आधी सिग्नल खराब असला की दोन रेघा यायच्या. सरावाच्या दिवशी तुम्ही म्हणालात, डेमोत रेघा दिसल्या की समोरच्याचा विश्वास उडतो. म्हणून मी ती अट काढली."

मी तसं म्हणाले होते. मला तो दिवस, ती खोली, माझे शब्दसुद्धा आठवले. सोळा आठवड्यांच्या कार्यक्रमात आम्ही मुलांना बोलायला शिकवतो, पाच मिनिटांत मांडायला शिकवतो आणि त्या घाईत असं काहीतरी सांगून बसतो. इन्क्युबेटर हा शब्द धंद्याला चिकटला तो 1959 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हियात. बंद पडलेल्या कारखान्याची जागा तुकड्यांनी भाड्याने दिली होती आणि भाडेकरूंत कोंबडीची पिल्लं उबवणारी एक कंपनी होती, तिच्यावरून ते नाव पडलं. तिथल्या अंड्यांना लागतील तितके दिवस मिळत असणार. आमच्याकडे तारीख आधी ठरते.

मुलीने विचारलं, "मग उद्याचं काय?"

"आधी अट परत घाल. मग माणसं शोधू."

रात्री इमारतीत जे सापडले त्यांच्या मनगटांवर बँड बांधत फिरलो. दोन बोटांनी नाडी मोजायची, घड्याळ लावायचं, अर्ध्या मिनिटाचे ठोके दुप्पट करायचे आणि वहीत लिहायचे. जिना चढउतार करताना बँड नाडीऐवजी पावलांचा ताल मोजू लागला, हेही तेव्हाच सापडलं. एकूण नऊ जण झाले. बसलेल्या अवस्थेत सात जणांचा आकडा आमच्या मोजणीशी जुळला. एकीचे हात गार होते, तिच्या मनगटावर रेघा गेल्याच नाहीत. आणि नववे रात्रपाळीचे सुरक्षारक्षक काका.

"काका, जरा हात देता का?"

त्यांनी उजवा दिला. मनगटभर दाट गोंदलेलं होतं. रेघा. डाव्यावर बांधला तर 68, बोटांनी मोजले तेही अर्ध्या मिनिटात 34. मग मुलाला काय वाटलं कोण जाणे, त्याने जुनं सॉफ्टवेअर चढवून बँड पुन्हा उजव्या हातावर बांधला. 91. माणूस एकच, निवांत बसलेला, आणि दोन हातांत तेवीस ठोक्यांचं अंतर. शाई उजेड गिळते, आत-बाहेर जाणारं जवळपास काही उरत नाही, तरी 91. मुलगा पडद्याकडे बघत राहिला. अट काढणं ही केवढी चूक होती, हे मला तासभर बोलून सांगता आलं नसतं.

सावळ्या-काळ्या कातडीचंही असंच आहे. कातडीला रंग देणारं मेलॅनिन हिरवा उजेड शोषतं, त्यामुळे दिव्याची ताकद वाढवावी लागते आणि बॅटरी लवकर उतरते. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रात लाल आणि अवरक्त उजेड असतो, पण 2020 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की कृष्णवर्णीय रुग्णांमधला घसरलेला ऑक्सिजन ती यंत्रं गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा हुकवत होती. यंत्रांनी आकडा मात्र दाखवलाच होता.

वेअरेबलच्या, म्हणजे अंगावर घालायच्या यंत्रांच्या भविष्याबद्दल मला रोज ऐकायला मिळतं. अंगठी, चिकटपट्टी, कानातलं, रक्तदाब, साखर, झोप. उत्साह मलाही आहे, त्याशिवाय मी या कामात टिकले नसते. पण 2024च्या फेब्रुवारीत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएला लोकांना बजावून सांगावं लागलं, की कातडीला टोचल्याशिवाय साखर मोजतो म्हणणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका. चुकीच्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जीव जाऊ शकतो. याउलट, 2018 साली अ‍ॅपलच्या घड्याळात ईसीजी आला, तेव्हा त्याच्या निकालांत 'अनिर्णित' असाही एक निकाल होता. मला त्या घड्याळातली ती सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. अंगावरचं यंत्र "मला कळत नाही" म्हणू शकलं तरच त्याच्या बाकीच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवीन, आणि नवा सेन्सर बसवण्याआधी टीमने हे जमवावं असं मला कळकळीने वाटतं.

डेमोत मुलीने आधी टॉवेल टेबलावर ठेवला आणि त्यावर बँड बांधला. रेघा. मग तो स्वतःच्या मनगटावर बांधला. पुन्हा रेघा, कितीतरी वेळ. सभागृह गप्प. मी मागे उभी होते, माझे तळहात ओले झाले होते. मग 96 आला, आणि ती म्हणाली, "हा खरा आहे, मला भीती वाटतेय."

एका गुंतवणूकदाराने विचारलं, किती जणांवर आकडा येत नाही? "काल रात्री नऊपैकी एकीवर अजिबात नाही, आणि एकांच्या एका हातावर नाही." त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या टीमकडे वळले. श्रोत्यांतल्या एक डॉक्टर मात्र थांबल्या आणि कच्चा सिग्नल बघायला मागितला. पैसे त्या दिवशी मिळाले नाहीत. टीमला आणखी तीन महिने जागा आणि उपकरणं मिळावीत म्हणून मी भांडले, ती मिळाली.

संध्याकाळी निघताना काका दारातच होते. "मॅडम, माझ्या उजव्या हाताचं जमलं का?"

"नाही अजून, काका."

मुलीने पिशवीतून बँड आणि वही काढली. काकांनी बाही वर सरकवली.