खड्डा कोणत्या चाकाला द्यायचा

परवा भर दुपारी नागपूरच्या बजाज नगरातल्या एका गल्लीत चेंबरच्या झाकणाच्या जागी कुणीतरी बेशरमची फांदी खोचून ठेवलेली दिसली. वर लाल चिंधी. माझ्यापुढे एक पोरगा बाईकवर होता, तोंडाला दुपट्टा बांधलेला, त्यानं नुसता कमरेतनं झोका दिला आणि फांदीला वळसा घालून गेलाही. मी थांबलो. डावीकडे आई साईडकारमधे, म्हणजे स्कूटरला जोडलेल्या एका चाकाच्या डब्यात, बसलेली, उजवीकडे उभी कार, आणि मधे जेवढी जागा होती त्यात माझी दोन चाकं मावली असती. तिसऱ्याचं काय करणार?

आमची जुनी चेतक स्कूटर. साईडकार बाबांनी लावून घेतली होती. गाडीला १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी पासिंग करा, ग्रीन टॅक्स भरा, सगळं करतो, कारण आईच्या गुडघ्यांना आता स्कूटरच्या मागं बसणं जमत नाही आणि ऑटोवाल्याशी भाव करणं तिला आवडत नाही. (आवडत नाही म्हणजे ती करते, पण ऑटो निघून जातो.)

ज्यांनी फक्त दुचाकी चालवली त्यांना हे समजावणं अवघड आहे. साईडकार लावली की गाडी झुकतच नाही. वळताना हँडलच फिरवावं लागतं. ऍक्सिलरेटर दिला की डावीकडे ओढते, ब्रेक मारला की उजवीकडे, कारण त्या डब्याला ना इंजिन ना ब्रेक, तो आपला मागं राहतो नाहीतर पुढं पळतो. डावं वळण जोरात घेतलं आणि डबा रिकामा असला की त्याचं चाक हवेत. त्यामुळे बाबा एकटे निघाले की साईडकारमधे वाळूचं पोतं असायचं. इतवारीतून गहू आणायचे तेव्हा जाताना वाळू, येताना गहू. ती वाळू तिकडे कुठं उतरवायचे हे मी कधी विचारलं नाही, आता राहून गेलं.

आणि चेतकची चाकं १० इंची. मोठ्या चाकाची बाईक ज्या खड्ड्यावरून नुसती टक्क करून जाते, त्यात हे चाक पूर्ण उतरतं आणि मग वर यायचं की नाही याचा विचार करतं.

तर खड्डा. दुचाकीवर खड्डा चुकवतात. कारमधे दोन चाकांच्या मधे घेतात. ऑटोचं पुढचं चाक बरोब्बर मधे, म्हणजे तो बिचारा मधे घ्यायला गेला की पुढचं चाक आत. साईडकारवाल्याला मधे घ्यायची सोय आहे, पण खड्डा मापात असला तं. नाहीतर ठरवावं लागतं की हा कोणत्या चाकाला द्यायचा. अक्कल म्हणते डावीकडच्याला द्या, तिथं हँडल नाही, फार तर दणका बसेल. पण डावीकडे आई असते.

बाबांच्या वेळेला तिथं आई आणि तिच्या मांडीवर बहीण. मी पुढं, हँडल आणि सीटच्या मधल्या जागेत उभा, नाक स्पीडोमीटरवर. बाबांचं लक्ष स्वतःच्या चाकापुढे, तिसऱ्या चाकाची सगळी जबाबदारी आईकडे, आणि ती ती मोठ्या तोऱ्यात निभवायची. "अहो, दगड." "अहो, गाय बसलीय, उठणार नाही ती." "उजवीकडे घ्या, उजवीकडे, माझी उजवी नाही, तुमची!" आता दोघं एकाच दिशेला तोंड करून बसलेले, उजवी वेगळी कशी काय असेल, पण बाबा काही बोलायचे नाहीत, घ्यायचे उजवीकडे.

पावसात लोहापुलाखाली पाणी साचलं की बाबा कडेला उभे राहायचे. स्कूटर गेली, सायकल गेली, तरी हे हलायचे नाहीत. ऑटोची वाट पाहायचे. ऑटो पलीकडे निघाला की म्हणायचे, "चला, तीन चाकांचा रस्ता आहे म्हणजे", आणि त्याच्या मागून हळूहळू. पहिल्या गेअरमधे, पाण्यात गेअर न बदलता. मला वाटायचं सगळ्यांचे बाबा असेच उभे राहतात.

स्पीडब्रेकर हा वेगळाच विषय. कागदावर तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा, हे वाचल्यावर मी मोठ्यानं हसलो होतो. आमच्या गल्लीतला एका रात्रीत झालाय, पोरांनी स्वतःच केलाय, तो पाहा एकदा. त्यातून पाणी जायला कडेला फट ठेवतात, सगळे टू-व्हीलरवाले त्या फटीतून सटकतात, आपण गेलो तं साईडकार फटीत आणि स्कूटर डोंगरावर. म्हणून स्पीडब्रेकर नेहमी सरळ, पूर्ण, मान देऊन चढायचा. मागचा हॉर्न वाजवत राहतो. वाजवू दे.

सिमेंट रोड झाले तेव्हा वाटलं आता सुटलो. खड्डे गेले, हे खरंच. पण रस्ता वर आणि कडेची गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉकची पट्टी, खाली, आणि त्या काठावर नेमकं तिसरं चाक. समोरून बस आली की लोक मला खुणेनं सांगतात, घे ना भाऊ डावीकडे. कुठं घेऊ, आईला खाली ठेवू काय?

या सगळ्याचा एक परिणाम असा की मी आता पायी चालतानाही रस्ता दोन रेघांत पाहतो. मेट्रोतून जाताना खालच्या वर्धा रोडवरच्या गाड्यांच्या वतीनं खड्डे चुकवतो, पाय आपोआप ब्रेक दाबतो. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, "मुंग्या आल्या का हो पायाला?" हो म्हटलं.

शंकर नगरच्या सिग्नलला एक जण रोज भेटल्यासारखा भेटतो, दरवेळी वेगळा माणूस, प्रश्न एकच. "भाऊ, विकून राहिले का?"

"कुठं राहता?"

"मानेवाड्याच्या आत. आत म्हणजे बरंच आत."

"मग राहू द्या," मी म्हणालो. आई साईडकारमधून म्हणाली, "अहो, पण किती देता ते तरी सांगा."