रिक्षाचं इंजिन, क्लचचा नट आणि छिन्नी नावाचं पाप

जुन्या टू-स्ट्रोक रिक्षाचं इंजिन बांधायला काढलं की बोअर, पिस्टन, रिंगा यावर सगळे भरभरून बोलतात, क्लचचा विषय मात्र "त्यात काय, काढायचा आणि प्लेटा बदलायच्या" एवढ्यावर मिटतो. मला विचाराल तर या इंजिनाची सगळ्यात जास्त नासधूस क्लच काढतानाच होते, फक्त ती तेव्हा दिसत नाही. गाडी रस्त्यावर आली, थोडी पळाली, बेअरिंग घरघरायला लागलं, की मग शिव्या बेअरिंगला बसतात.

का ते सांगतो. बजाजने १९७७ मधे मागे इंजिन असलेली रिक्षा आणली, तिचं टू-स्ट्रोक इंजिन, जवळपास १५० सीसीचं, हे व्हेस्पा स्कूटरच्या घराण्यातलं आहे. मोटरसायकलमधे क्लच बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतो, इथे तो थेट क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा) टोकावर बसतो, गिअर ऑइलमधे. म्हणजे क्लचच्या नटावर जे काही कराल ते क्रँकला लागणार. आणि हा क्रँक काही एका लोखंडातून कोरलेला नसतो, दोन अर्धे आणि मधे प्रेस करून बसवलेली पिन. टोकावर हातोडा घातला की ते दोन अर्धे एकमेकांपासून किंचित सरकतात, डोळ्यांना काही कळत नाही पण लेथवर लावून डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) टेकवला की सुई नाचायला लागते.

आता तो नट. बऱ्याच जुन्या इंजिनात तो खाचांचा गोल नट असतो, त्याला साधा पाना लागतच नाही, चार दातांचा पाना लागतो (काही इंजिनात सरळ सहा बाजूंचा नट असतो, ते नशीबवान). तो पाना स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, महागडी वस्तू नाही, पण कितीतरी मिस्त्री आजही खाचेत छिन्नी ठेवून ठोकतात कारण "पटकन होतं". होतं पटकन, खरंय. पण खाचा चेपतात, लोखंडाचे कण बेअरिंगमधे जातात, आणि क्रँकला जे दणके बसतात ते वेगळेच. पाना लावायच्या आधी लॉक वॉशरचं (नट आपोआप सुटू नये म्हणून खाली असणारी चकती) दुमडलेलं पान नीट सरळ करायचं, नुसतं थोडं उचकटून नाही, पूर्ण सरळ, नाहीतर पान्याचे दात खाचेत पुरते बसत नाहीत आणि जोर लावला की घसरतात. आटे साधेच आहेत, उलटे नाहीत.

खरी कटकट म्हणजे नट फिरवताना क्रँक पण सोबत फिरतो, तो धरायचा कसा. गिअरच्या दातांमधे स्क्रूड्रायव्हर अडकवणारे लोक मी बघितलेत आणि तुटलेले दातही बघितलेत. इंजिन अजून गाडीतच असेल तर गिअरमधे टाकून एकाने ब्रेक दाबून ठेवायचा, त्याने बऱ्याचदा काम होतं, पण प्लेटा घासलेल्या असतील तर आतल्या आत क्लचच स्लिप होतो आणि नट जागच्या जागी राहतो. सगळ्यात बरा उपाय म्हणजे क्लचची बॉडी पकडणारा होल्डर. स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी भरायची युक्ती बरेच जण सांगतात, ती टू-स्ट्रोकमधे जपून करा. पिस्टन आधी इतका वर आणायचा की एक्झॉस्टचं पोर्ट (सिलेंडरमधलं धूर बाहेर जायचं भोक) पूर्ण झाकलं गेलं पाहिजे, मगच दोरी आत सोडायची, नाहीतर दोरी पोर्टमधे शिरते आणि पिस्टनच्या कडेखाली चिरडली जाते. म्हणून माझा क्रम ठरलेला, हेड आणि सिलेंडर उघडायच्या आधी क्लचचा नट ढिला करून ठेवायचा, एकदा सिलेंडर निघालं की दोरीने क्रँक अडवायला काही उरतच नाही.

नट निघाला की क्लच सहसा हाताने सरकतो. नाही सरकला तर समोरासमोर दोन चपटे लिव्हर लावून थोडं थोडं उचकटायचं, पण टेकू कव्हरच्या गॅस्केटच्या जागेवर घ्यायचा नाही, तिथे ओरखडा पडला की आयुष्यभर ऑइल गळतं. आणि क्लच बाहेर ओढायच्या आधी खालच्या पोकळीत चिंधी कोंबा. क्रँकवर अर्धचंद्राची छोटी चावी असते ती हमखास निसटते, आणि तिला आत पडायचीच हौस असते. मागे वॉशर असेल तर त्याची कोणती बाजू आत होती त्याचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही, कोणालाच नाही.

इथे जरा थांबा आणि काढलेलं ऑइल बघा, मला तर हा भाग सगळ्यात आवडतो. जळकट वास म्हणजे प्लेटा होरपळल्यात. पितळी चकाकी दिसली तर कुठलातरी बुश किंवा कव्हरमधलं पितळी बटण (केबल ओढली की क्लच दाबून सोडवणारं) झिजतंय, चुंबकाला चिकटणारा चुरा म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. आणि ऑइल भरलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं, बाहेर कुठे गळती नाही, वर गाडी पांढरा धूर सोडत होती, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय असं समजा. टू-स्ट्रोकमधे पिस्टन वर जाताना क्रँककेसमधे (क्रँक फिरतो ती बंद पोकळी) हवेची ओढ तयार होते, सील फाटलं की त्या ओढीने गिअरबॉक्सचं ऑइल आत खेचलं जातं आणि जळतं. अशा गाड्यांचे लोक रिंगा बदलून मोकळे होतात आणि धूर तसाच. केस उघडणारच आहात तर सील नवीन टाकाच, त्यात काटकसर कसली.

क्लच स्वतः उघडताना स्प्रिंगा दाबून धरायला लागतात. मोठा बोल्ट, दोन जाड पट्ट्या आणि नट एवढ्यात घरगुती कॉम्प्रेसर होतो, मग प्लेटा अडवून धरणारी रिंग काढायची, चष्मा लावून. लोखंडी प्लेटांवर निळे डाग म्हणजे त्या तापल्यात, काचेवर ठेवून डुगडुगतात का बघा. बॉडीच्या खाचांना प्लेटांच्या कानांनी खड्डे पाडलेले असतात, तिकडे कोणी बघत नाही, आणि मग नवीन प्लेटा टाकूनही क्लच धक्का मारतो किंवा पूर्ण सुटत नाही. बारीक खड्डे कानसीने जातात, खोल असतील तर बॉडीच बदला. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करून उंची बघा, एक बुटकी निघाली तरी अख्खा सेट बदलायचा.

बसवताना नवीन प्लेटा आधी ऑइलमधे भिजत ठेवायच्या, लॉक वॉशर नवीनच. नटाला या घराण्यातल्या बऱ्याच इंजिनांना साधारण ४० ते ४५ न्यूटन मीटर टॉर्क (आवळायचा जोर) चालतो, तरी आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघून घ्या. पान दुमडा, कव्हरमधलं पितळी बटण जागेवर आहे ना बघा (ग्रीस लावून चिकटवा म्हणजे पडत नाही), आणि केबलला थोडं ढिलेपण ठेवा. केबल कायम ताणलेली राहिली की ते बटण रात्रंदिवस घासत बसतं आणि पुढच्या वेळी ऑइलमधे तीच पितळी चकाकी परत.