न टाकलेलं पत्र

तिकिटासाठी आधार कार्ड काढताना काकांच्या पाकिटातून एक आंतरदेशीय पत्र खाली पडलं. देवळाली कॅम्पच्या स्टॉपवर. घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टीने सांधलेलं. वर एका मुलीचं नाव.

काका तोफखान्यातले. १९९९ला कारगिल युद्धात द्रासला बोफोर्स तोफेवर होते.

"माझं नाही. जोडीदाराचं. टाक म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी गोळा पडला."

मग टाकलं का नाही?

"तिच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं रे. पत्र भलत्याच्या हाती पडलं असतं तर?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्याच्या आईला धाय मोकलून रडताना पाहिलं. हिला तर रडायचीही चोरी."

पत्र अजून उघडलेलं नाही.

२६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, आपण दरवर्षी स्टेटस ठेवतो. तिला कुणी कळवलं असेल? की पेपरातच वाचलं असेल तिनं?