आमचा गट नकाशावर नव्हताच

विकास आराखड्याला हरकत घ्यायची असेल तर अर्जाचा नमुना शोधत बसू नका, आधी आपल्या जमिनीचा जुना सर्व्हे नंबर शोधा. मी उलटं केलं आणि तीस दिवसांतले एकोणीस दिवस त्यापायी घालवले. आठवलं की अजून डोकं तापतं.

माहेरची बावीस गुंठे जमीन नगरपरिषदेच्या वाढीव हद्दीत आलेली. सातबारावर दादा, मी आणि धाकटी बहीण. एके दिवशी दादाने पेपरातलं कात्रण पाठवलं: प्रारूप विकास योजना प्रसिद्ध, हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. खाली त्याचं एक वाक्य, "आपल्यातून रस्ता जातोय म्हणतात." महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे हरकतीला तीस दिवस मिळतात आणि ते मोजायचे राजपत्रात सूचना आली त्या तारखेपासून. कात्रण माझ्या हातात पडलं तेव्हा सहा दिवस संपले होते.

नकाशा नगरपरिषदेच्या जिन्याखाली प्लायवूडवर चिकटवलेला. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवे चौकोन उद्यानांचे, लाल जाड रेघा रस्त्यांच्या. मुंगीएवढे आकडे वाचायला मी मुलाच्या कंपासपेटीतलं भिंग नेलं होतं. आमचा गट नंबर सापडेना. क्लार्कने सातबारा बघितला, नकाशा बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हा गट नकाशात नाही. म्हणजे तुमची जमीन बाधित नाही."

क्षणभर मला बरंही वाटलं! मग ओढ्याचं वळण दिसलं. त्या वळणाच्या आत, मारुतीच्या देवळाच्या दक्षिणेला, आमच्याशिवाय कुणाचीच जमीन नाही. तिथे एक हिरवा चौकोन होता, म्हणजे उद्यानाचं आरक्षण, आणि त्याच्या कडेने, बरोबर विहिरीच्या जागेवरून, पंधरा मीटरचा रस्ता. शेजारी छापलेला आकडा होता सर्व्हे नंबरचा. एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र केले तेव्हा, आमच्याकडे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. सातबारा नव्या आकड्यांचा, नकाशाचा हा कोपरा जुन्या आकड्यांचा. मी म्हटलं, ही आमचीच जमीन. तो म्हणाला, "असेल हो. पण गट-सर्व्हे जुळवून आणा, त्याशिवाय आवक करता येत नाही."

म्हणून भूमी अभिलेख. तिथे लागतो एकत्रीकरणाचा जबाब, म्हणजे कुठल्या जुन्या सर्व्हेचा कुठला गट झाला त्याची नोंद. खिडकीवर 'नऊ तीन नऊ चारचा उतारा' म्हटलं की लगेच कळतं, 'जुना नंबर पाहिजे' म्हटलं की लोक तुमच्याकडे बघत राहतात. पहिल्या खेपेला अर्ज दिला. दुसऱ्या खेपेला अभिलेख कक्षाची किल्ली ज्यांच्याकडे, ते मोजणीला गेलेले. तिसऱ्या खेपेला, पुण्याहून अडीच तास एसटीत बसून गेल्यावर, उतारा मिळाला. शिक्का, सही, सगळं झकास. बाहेर उसाचा रस पिताना वाचला तर गाव खुर्द. आमचं बुद्रुक. परत आत गेले तर खिडकीतल्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, "ताई, होतं असं. नवीन अर्ज करा." म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी चक्क रडले. जमिनीपेक्षा त्या 'होतं असं'साठी जास्त.

चौथ्या खेपेला बुद्रुकचा उतारा हातात आला. मुदतीचे पाच दिवस उरले होते.

आणि आता संताप येतो तो याचा की हे काहीच आधी लागत नव्हतं. जुळणीचा उतारा आणल्याशिवाय हरकत घेता येणार नाही असं कायद्यात कुठेच नाही. गट नंबर, चतु:सीमा आणि 'नकाशात अमुक सर्व्हेत दाखवलेली जागा' एवढं लिहून पहिल्याच दिवशी अर्ज आवकला लावायचा, शिक्क्यासह आवक क्रमांक पोचेवर घ्यायचा, पुरावा सुनावणीला द्यायचा. क्लार्क नाही म्हणाला तर स्पीड पोस्ट आहेच. हे मला सुनावणीच्या बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी सांगितलं.

आम्ही तिघांनी वेगवेगळे अर्ज दिले. पहिल्या मसुद्यात दादाने 'घोर अन्याय' दोनदा लिहिलं होतं, ते मी खोडलं. त्याऐवजी रस्ता ओढ्याच्या काठाने कसा नेता येईल ते नकाशाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने काढून जोडलं. नियोजन समितीपुढची सुनावणी जेमतेम चार मिनिटांची. समितीतल्या एका तज्ज्ञ सदस्याने पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवून "इथे उतार किती?" एवढंच विचारलं. दादाला तोंडपाठ होतं.

हो, मधल्या काळात एक एजंट घरी आला होता, 'आरक्षण उठवून देतो' म्हणत. त्याला चहा दिला, सह्या दिल्या नाहीत. कोऱ्या कागदावर तर कुणालाच देऊ नका.

मंजुरीला वर्षावर गेलं. रस्ता ओढ्याकडे सरकला, विहीर वाचली. मला त्या पेन्सिलीच्या रेघेचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. उद्यान मात्र आठ गुंठ्यांवर राहिलंच. आता कलम १२७. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर आपण नगरपरिषदेला खरेदीची नोटीस द्यायची, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं.

सातबारे ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशवीवर दादाने योजना अमलात आल्याची तारीख काळ्या मार्करने लिहिली आहे. त्याखाली, कंसात: बुद्रुक.